काकीजींचे ‘अवैध’ नाव



धुळ्यास आमच्या एक काकीजी राहतात. आग्रा रोडलगतच्या गल्लीत काकाजींचे किराणा-भुसाराचे दुकान आहे. काकाजी गेले तेव्हा मुली आपापल्या सासरी होत्या, हाताशी एक जुना नोकर तेवढा उरला होता. दुकान विकून टाकावे, असा सल्ला आप्तेष्टांनी दिला. काकीजींनी तो शांतपणे ऐकला आणि तेराव्यानंतरच्या सोमवारी सकाळी कुलूप काढून त्या गल्ल्यावर बसल्या. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. पुढे नातवाकडून त्या संगणकही शिकल्या. एका बोटाने, सावकाश, पण स्वतः टंकन करतात.

काकाजींच्या नावावरील दुकानाची एक नोंद स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी त्यांना एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज भरावयाचा होता. रकाने चाळीसच्या आसपास असावेत. काकीजींनी दोन बैठकींत ते भरले, शेवटचे बटण दाबले आणि पान परत आले. वरच्या बाजूला तांबड्या अक्षरांत दोनच शब्द होते: ‘अवैध नाव’. खालचे सगळे रकाने कोरे. त्यांनी पुन्हा भरले, पुन्हा तेच. असे चार वेळा झाल्यावर रात्री त्यांचा जळगावला मला फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. “अरे, पंचेचाळीस वर्षे या नावाने देवघेव केली. आता ते अवैध झाले का? तुझे काकाजी गेले म्हणून माझे नावही चालत नाही का?”

रविवारी पहिल्या बसने धुळे गाठले. त्यांच्या शेजारी बसून अर्ज भरताना नुसते पाहत राहिलो. स्वतःचे नाव ठीक होते, आडनाव ठीक होते. ‘पतीचे नाव’ या रकान्यात मात्र त्यांनी इंग्रजी अक्षरांत ‘कै’ लिहिले, पुढे टिंब दिले आणि मग काकाजींचे नाव लिहिले. त्या टिंबावर सारे अडले होते. नावात अक्षरांखेरीज काहीही नको, असा नियम प्रोग्रामरने घातला होता. काकाजी गेल्यापासून ‘कै.’ लावल्यावाचून ते नाव लिहिण्यास काकीजींचा हात कधी धजला नव्हता. मी ते काढावयास सांगितले. त्या क्षणभर थांबल्या, काढले, बटण दाबले, आणि अर्ज गेला.

“एवढेच होते,” त्या म्हणाल्या, “तर त्याने तसे सांगायचे ना.”

परतीच्या नव्वदेक किलोमीटरच्या वाटेवर हे वाक्य मनातून जाईना. दिवाळीत माझी पुतणी पुण्याहून जळगावला आली, तेव्हा मी तिला ही हकिकत सांगितली. ती जावा या संगणकीय भाषेत वेब प्रणाली लिहिण्याचे काम करते. जावा हा शब्द आपल्या व्यापारी वाचकांना अगदी अपरिचित नसावा. आयकराचे विवरण भरण्यासाठी खात्याकडून अनेक वर्षे एक्सेलच्या जोडीने ‘जावा युटिलिटी’ मिळत असे, २०२१ मध्ये नवे पोर्टल येईपर्यंत. बँका, विमा आणि कार्यालये यांच्या कितीतरी प्रणाली आजही याच भाषेत चालतात.

पुतणीने जे समजावून सांगितले ते माझ्या शब्दांत असे. अर्जाची तपासणी दोन ठिकाणी होते. पहिली आपल्याच संगणकावर, ब्राउझरमध्ये. ती झटपट होते, परंतु तिच्यावर विसंबता येत नाही, कारण जाणकार माणूस तिला सहज बगल देऊ शकतो. दुसरी तपासणी सर्व्हरवर होते आणि खरी तीच. जावामध्ये २००९ पासून या तपासणीचे एक सर्वमान्य प्रमाण आहे, त्याला ‘बीन व्हॅलिडेशन’ म्हणतात. प्रोग्रामर प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर एक शिक्का मारतो. ‘नॉट-ब्लँक’ म्हणजे रिकामे चालणार नाही, ‘साइझ’ म्हणजे इतक्या अक्षरांहून कमी किंवा जास्त नको, ‘पॅटर्न’ म्हणजे अक्षरांची ठेवण अमुकच हवी. प्रत्येक शिक्क्यात ‘मेसेज’ नावाची एक जागा असते. नियम मोडला गेल्यास ग्राहकाला काय सांगावयाचे, ते तेथे लिहावयाचे असते.

काकीजींच्या अर्जात त्या जागी कोणीतरी दोन शब्द टाकून काम संपवले होते. पुतणीच्या मते तोही तसा बराच माणूस म्हणावयाचा, कारण पुष्कळजण ती जागा मोकळीच ठेवतात. मग जावाची प्रणाली आपल्या पदरचे ठरावीक इंग्रजी वाक्य उमटवते. रकाना रिकामा राहिला तर ‘मस्ट नॉट बी नल’. आमच्या ओळखीच्या एका अडत्याने हे वाचून मला विचारले होते की हा नल दमयंतीचा की पाण्याचा? ‘पॅटर्न’चे तर त्याहून वाईट. तेथे नियमाची सांकेतिक ओळच, कंस-चौकोनी कंसांसकट, ग्राहकापुढे येऊन पडते आणि हिच्याशी जुळवा म्हणते. संख्येच्या रकान्यात कोणी ‘पन्नास’ असे अक्षरांत लिहिले, तर स्प्रिंग या लोकप्रिय जावा-चौकटीत ‘जावा.लँग.स्ट्रिंग या प्रकारच्या मूल्याचे इंट या प्रकारात रूपांतर करता आले नाही’ अशा अर्थाचे लांबलचक इंग्रजी वाक्य झळकते. प्रोग्रामरांसाठी ते उपयोगाचे आहे. त्याऐवजी ‘येथे अंक लिहा’ असे म्हणावयाचे, तर संदेशांच्या फाइलीत ‘टाइप-मिसमॅच’ या नावापुढे एक ओळ घालावी लागते. एकच ओळ.

“मग ती घालत का नाहीत?” मी विचारले.

“काका, प्रोग्राम तपासणारे आम्ही सगळे बरोबर माहिती भरूनच पाहतो. चुकीची भरली की तो अडतो, एवढे दिसले की आमचे समाधान होते. अडलेल्या माणसाचे पुढे काय, ते कोणी पाहत नाही.”

संदेश कोठे दाखवावयाचा, हीही गोष्ट तितकीच महत्त्वाची. सगळे संदेश पानाच्या डोक्यावर एकगठ्ठा दाखवणे प्रोग्रामरला सर्वांत सोपे. स्प्रिंगमध्ये त्यासाठी रकान्याच्या नावाऐवजी नुसते तारांकन घातले की झाले. रकान्याचे नाव घातले तर संदेश त्या रकान्याच्या शेजारीच उमटतो. जेएसएफ या चौकटीतही दोन निराळ्या खुणा होत्या, एक साऱ्या संदेशांसाठी, एक एकेका रकान्यासाठी. आणि या शतकाच्या आरंभी आलेल्या स्ट्रट्समध्येही रकान्यावार संदेश दाखवता येत असत. सोय पंचवीस वर्षांची जुनी आहे, आळसही तितकाच. शिवाय बीन व्हॅलिडेशन आपल्या हाती चुकांचा जो संच देते, त्याला क्रमाची हमी नाही. डोक्यावरच्या यादीत आज पत्ता आधी तर उद्या पिनकोड आधी. एकाच कोऱ्या रकान्यावर ‘रिकामे आहे’ आणि ‘तीनहून कमी अक्षरे आहेत’ असे दोन ठपकेही एकदम येऊ शकतात. नवख्या माणसाला वाटते, आपण दोन अपराध केले.

माझे वडील ज्या मुनीमजींच्या हाताखाली शिकले, त्यांची रीत घरात अजून सांगितली जाते. रोजमेळात कोणाची चूक आढळली की ते त्या ओळीच्या शेजारी, समासात, शिसपेन्सिलीने एक बारीक रेघ ओढीत. शाईने कधीच नाही, आणि वहीच्या पहिल्या पानावर तर मुळीच नाही. ज्याची चूक त्याने संध्याकाळी ती ओळ पाहावी, दुरुस्त करावी, रेघ खोडावी. रकान्याशेजारचा संदेश म्हणजे ही समासातली रेघ. आणि चाळीस रकाने कोरे करून पाठवणे म्हणजे एका ओळीसाठी सबंध वही फाडणे; मुनीमजींनी तसे केले असते तर दुसऱ्या दिवशी पेढीवर कोण आले असते?

आता त्या ‘अवैध’ शब्दाकडे येतो. तो मला सर्वांत बोचला. इंग्रजीतील ‘इनव्हॅलिड’ला शब्दकोशात पाहून कोणीतरी ‘अवैध’ लिहिले आणि ते सर्वत्र पसरले. मराठी माणसाच्या कानी अवैध म्हणजे कायद्याविरुद्ध. आमच्या जिल्ह्याच्या वृत्तपत्रांत हा शब्द आठवड्यातून दोनदा तरी भेटतो: गिरणेच्या पात्रातून अवैध वाळू उपसा, अवैध दारू, अवैध वाहतूक. त्याच पंगतीत काकीजींचे नाव बसवले गेले. ‘अवैध पिनकोड’, ‘अवैध जन्मतारीख’ असलीही वाक्ये मी वाचली आहेत. जन्मतारीख अवैध असलेला मनुष्य कसा असेल, हा विचार करून पाहावा. जाता जाता सांगतो, मराठीत ‘चुकीचा संदेश’ या शब्दांना दोन अर्थ आहेत, चूक दाखवणारा संदेश आणि स्वतःच चुकलेला संदेश. बऱ्याच वेळा दोन्ही एकदम खरे असतात.

मराठी संदेश इतके थोडे आणि इतके ओबडधोबड का, याची एक तांत्रिक हकिकत पुतणीने सांगितली. ती मला फार उद्बोधक वाटली. जावात संदेश ठेवण्याच्या ज्या फाइली असतात, त्या बरीच वर्षे पश्चिम युरोपच्या लिपीतच वाचल्या जात. देवनागरी सरळ लिहिली तर पडद्यावर निरर्थक चिन्हांचा कचरा दिसे. म्हणून प्रत्येक अक्षर त्याच्या सांकेतिक क्रमांकाने लिहावे लागे. ‘चूक’ हा शब्द लिहावयाचा तर च साठी ०९१ए, दीर्घ ऊकारासाठी ०९४२ आणि क साठी ०९१५. अक्षरांचे हे रूपांतर करणारे एक साधन जावासोबत येत असे, तरीही फाइल उघडून डोळ्यांनी वाचणे अशक्यच होते. मजकूर शुद्ध आहे की अशुद्ध, सभ्य आहे की उर्मट, हे मराठी जाणणाऱ्या माणसालाही पाहता येत नव्हते. सप्टेंबर २०१७ मध्ये जावाची नववी आवृत्ती आली, तेव्हापासून या फाइलींत देवनागरी थेट लिहिता येते. त्याच वर्षी १ जुलैपासून आपण सारे जीएसटीचे अर्ज भरू लागलो होतो, हा योगायोग.

लिपीची अडचण दूर झाली, व्याकरणाची राहिली. इंग्रजीत एकच साचा करता येतो: मोकळ्या जागी रकान्याचे नाव घाला, पुढे ‘रिक्वायर्ड’ म्हणा. मराठीत तो साचा पहिल्याच पावलाला अडखळतो. पत्ता रिकामा, तारीख रिकामी, नाव रिकामे. तीन लिंगांची तीन रूपे. ‘मध्ये’ जोडावयास गेले तर ‘तारखेमध्ये’ व्हावे तेथे ‘तारीखमध्ये’ होते, ‘पत्त्यामध्ये’ऐवजी ‘पत्तामध्ये’. अशी भाषा वाचली की माणसाला वाटते, हे परक्याने लिहिले आहे, याच्याशी आपले काय बोलणे होणार. यावर उपाय मात्र मराठीतच आहे आणि तो क्रियापदात आहे. पत्ता लिहा. तारीख लिहा. नाव लिहा. आज्ञार्थाला कर्माच्या लिंगाशी कर्तव्य नाही, एकच साचा साऱ्या रकान्यांना पुरतो. शिवाय ‘रिकामे आहे’ यात नुसती तक्रार आहे. ‘लिहा’ यात पुढे काय करावयाचे तेही आले. मराठी धातूंचा कोश सिद्ध करणारे इतिहासाचार्य राजवाडे अखेरच्या काळात धुळ्यातच होते आणि १९२६ मध्ये त्यांचे निधनही तेथेच झाले. क्रियापदाचे सामर्थ्य धुळेकरांना मी वेगळे काय सांगावे!

अंकांची गोष्टही अशीच. काकीजी पिनकोड लिहिताना कधी कधी मराठी अंक वापरतात, ४२४००१. अर्ज म्हणतो, ‘अवैध पिनकोड’. आता गंमत पाहा. जावा ही भाषा स्वतः मराठी अंक वाचू शकते. ‘२७’ अशी देवनागरी अक्षरे तिला संख्येत बदलावयास सांगितली, तर ती निमूटपणे सत्तावीस करून देते. अडवतो तो प्रोग्रामरने घातलेला नमुना, कारण त्यातील ‘अंक’ या खुणेचा अर्थ, निराळे काही न सांगितल्यास, फक्त इंग्रजी अंक असा घेतला जातो. घरातील सून मराठी समजते आणि दारावरचा पहारेकरी ‘तुमची भाषा चालत नाही’ म्हणून पाहुण्याला परत पाठवतो, असा हा प्रकार. गाडीच्या क्रमांकाचेही तेच. जळगावच्या एमएच १९ नंतर किंवा धुळ्याच्या एमएच १८ नंतर कोणी मोकळी जागा सोडतो, कोणी आडवी रेघ देतो. ती रेघ वगळून क्रमांक वाचणे हे प्रोग्रामच्या एका ओळीचे काम आहे. ते न करता ‘स्वरूप चुकीचे’ असे लाखो लोकांना ऐकवावयाचे, हा हिशेब कोणत्या व्यापाऱ्याला पटेल?

इतके वाचून कोणी म्हणेल, तपासणीच नको. तसे मुळीच नाही. तपासणी न झाल्याने काय होते, याचा अनुभव जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया करणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांना आला. त्यांच्याकडे बिले काढण्यासाठी खास करवून घेतलेली प्रणाली आहे. एकाच नावाचे त्यांचे दोन ग्राहक, एक जळगावात, दुसरा धुळ्यात, एकमेकांशी काही संबंध नसलेले. कारकुनाने जळगावच्या बिलावर धुळेकरांचा जीएसटी क्रमांक घातला. प्रणाली काहीही बोलली नाही. विवरण दाखल झाले, कराची नोंद धुळेकरांच्या खाती उमटली, आणि जळगावकरांना ती दिसेना. १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने असे ठरवले आहे की विक्रेत्याने बिल आपल्या विवरणात दाखवलेले असून ते खरेदीदाराच्या विवरणपत्रकात उतरले असेल, तरच खरेदीदाराला त्या कराची वजावट घेता येते. जळगावच्या ग्राहकाने कराची रक्कम अडवून धरली. चूक शोधण्यात दोन महिने गेले, फोनवर नको ते शब्द झाले, आणि वीस वर्षांच्या संबंधात एक गाठ पडली. अशी दुरुस्ती पुढील विवरणात करता येते. मात्र तिला मुदत असते, आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरण दाखल होईपर्यंत, यांतील जे आधी होईल ते. येथे दुरुस्ती मुदतीत झाली. गाठ अजून पुरती सुटलेली नाही.

या क्रमांकाची घडण मुळात सुरेख आहे. पंधरा जागा. पहिल्या दोन राज्याच्या: महाराष्ट्र २७, आपल्या खानदेशाला लागून असलेला मध्य प्रदेश २३, गुजरात २४. पुढील दहा जागा पॅन क्रमांकाच्या, मग त्याच पॅनवरील नोंदणीचा अनुक्रम, मग बहुधा झेड, आणि शेवटी ताळ्याचे चिन्ह. ताळा म्हटल्यावर जुन्या मंडळींना शाळेतला गुणाकार आठवेल. २३ गुणिले १४ बरोबर ३२२. २ आणि ३ मिळून ५, १ आणि ४ मिळून ५, पाचा पाचा पंचवीस, २ आणि ५ मिळून ७. उत्तरातील ३, २, २ यांची बेरीजही ७. ताळा जमला. परंतु ३२२ ऐवजी २३२ लिहिले तरी हा ताळा जमतो. अदलाबदल त्याला कळत नाही. जीएसटी क्रमांकात ती उणीव भरून काढली आहे. चौदा जागांना एकाआड एक १ आणि २ ने गुणतात, अक्षरांनाही दहापासून पस्तीसपर्यंत मोल दिलेले असते, आणि मग छत्तीसच्या हिशेबाने ताळा काढतात. शेजारच्या दोन चिन्हांची अदलाबदल झाली तर बहुतेक वेळा ती येथेच सापडते. जावात हे काम वीस-पंचवीस ओळींचे आहे.

तरीसुद्धा स्नेह्यांची चूक ताळ्यात सापडली नसती, कारण क्रमांक खरा होता. फक्त दुसऱ्याचा होता. तपासणीला पायऱ्या आहेत. पंधरा चिन्हे आहेत का, ठेवण बरोबर आहे का, ताळा जमतो का, असा क्रमांक अस्तित्वात आहे का, आणि तो याच ग्राहकाचा आहे का. प्रत्येक पायरीवर अडले तर कारण निराळे, म्हणून शब्दही निराळे हवेत. ‘क्रमांकात १४ चिन्हे आहेत, १५ हवीत.’ ‘कोठेतरी एक चिन्ह चुकले आहे, इंग्रजी ओ आणि शून्य यांची गल्लत झाली आहे का ते पाहा.’ शेवटच्या पायरीवर तर अडवणेही योग्य नाही, सावध करणे पुरे: ‘हा क्रमांक धुळ्याच्या पेढीचा आहे, पिनकोड ४२४००१, बिलावरील पत्ता जळगावचा आहे, ४२५००१. तसेच ठेवावयाचे का?’ हे एक वाक्य त्या दिवशी पडद्यावर असते तर दोन महिने वाचले असते.

अडवणे आणि सावध करणे यांतील हा भेद आयकर खाते जाणते. विवरणपत्रांच्या तपासणीचे नियम खाते प्रसिद्ध करते, त्यांत चुकांचे वर्ग पाडलेले असतात. ए वर्गातील चूक असेल तर विवरण स्वीकारलेच जात नाही. बी वर्गात ते स्वीकारले जाते, पण सदोष ठरण्याचा संभव आहे असे कळवले जाते. डी वर्गात विवरण जाते, मात्र एखादी वजावट नाकारली जाऊ शकते. प्रणाली करवून घेताना आपणही प्रोग्रामरला हा प्रश्न विचारावा: कोणत्या चुकीवर काम थांबेल आणि कोणत्या चुकीवर फक्त सांगितले जाईल? माझ्या माहितीतील बहुतेक पेढ्या प्रणाली घेताना बिलाचा नमुना पाहतात, अहवाल पाहतात, किंमत घासाघीस करून ठरवतात. मुद्दाम चुका करून कोणी पाहत नाही. एकदा पाहावे. तारखेच्या जागी नाव लिहावे, नावाच्या जागी काहीच लिहू नये, आणि पडद्यावर काय येते ते घरातल्या सर्वांत वडील माणसाकडून वाचून घ्यावे. त्यांना नुसता तांबडा रंग दिसत नसेल, तर शब्दही हवेत. वेबपानांसाठीच्या जागतिक निकषांतही चूक नुसत्या रंगाने नव्हे, शब्दांत सांगावी असेच म्हटले आहे.

आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली आज पुण्यात, बंगळुरूत हीच कामे करतात. त्यांनी हा लेख वाचला तर त्यांना काकीजींची आठवण राहावी, एवढ्यासाठी इतक्या तपशिलात शिरलो.

त्याच दिवाळीत पुतणी माझ्यासोबत धुळ्यास आली आणि तिने काकीजींच्या दुकानासाठी बिले काढण्याची लहानशी प्रणाली लिहून दिली. संदेश काय असावेत, ते काकीजींनीच सांगितले. पुतणीने आधी ‘पत्ता चुकला आहे’ असे लिहिले होते.

“चुकला कशाला म्हणतेस? लिहावयाचा राहिला म्हण.”

“दादीजी, मग तारीख आली की राहिली करावे लागेल, नाव आले की राहिले.”

काकीजींनी क्षणभर विचार केला. “तर मग ‘पत्ता लिहा’ म्हण. गिऱ्हाइकाला मी तसेच म्हणते.”

वरचे व्याकरण मी तेथूनच उचलले आहे. बिलाच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ ही ओळ राहू द्यावी, असा काकीजींचा आग्रह होता, ती राहिली. शेवटी पेढीची माहिती भरावयाची होती. ‘संस्थापक’ असा एक रकाना पुतणीने मुद्दाम ठेवला होता. काकीजींनी चष्मा सारखा केला, एका बोटाने ‘कै’ लिहिले, टिंब दिले, मग काकाजींचे नाव लिहिले आणि बटण दाबून पडद्याकडे पाहत राहिल्या. पडद्यावर काहीच उमटले नाही. नोंद झाली होती.